कर्जदार माणूस आणि सरकारी गुपित



आपल्याकडे सोयरीक ठरवताना पूर्वापार एक चौकशी होत आली आहे. मुलगा किती शिकला, करतो काय, हे तर चारचौघांत विचारतात, पण एखादे वडीलधारे माणूस ओळखीच्या कोणाला तरी हळूच बाजूला घेते आणि विचारते, "घरावर काही देणंबिणं आहे का हो?" ह्या प्रश्नात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. जिथे आपली लेक द्यायची, त्या घराचा पाया कसा आहे, एवढेच पाहावयाचे असते. अमेरिकेचे सरकारही आपली गुपिते ज्या माणसाच्या हाती द्यायची त्याच्याविषयी नेमकी हीच चौकशी करते. आणि ती हळूच बाजूला घेऊन नव्हे, तर छापील फॉर्म देऊन, सही घेऊन करते. ही चौकशी कशी होते, का होते आणि तिच्यातून आपण काय घ्यावे, ह्याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या कचेरीतल्या ह्या चौकशीशी आमच्या गावाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक तर आपल्या गावागावांतली मुले आज तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांतील काहींनी तिथले नागरिकत्व घेतले आहे, आणि अशांपैकी काहींना ह्या चौकशीतून जावे लागते. दुसरे असे की, ज्या तत्त्वावर ती चौकशी उभी आहे तेच तत्त्व आपल्या सरकारी नोकरांच्या नियमांतही लिहिलेले आहे. फक्त ते फारसे कोणी वाचत नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी मूळ व्यवस्था पाहू.

अमेरिकेत संरक्षण खाते, हेर खाते, अणुशक्तीची कामे, अशा ठिकाणी जी गोपनीय कागदपत्रे असतात ती पाहण्यासाठी माणसाजवळ एक परवाना लागतो. त्याला तिकडे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात. आपण त्याला सुरक्षा-परवाना म्हणू. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. जी माहिती फुटली तर देशाचे नुकसान होईल ती पहिली. गंभीर नुकसान होईल ती दुसरी. आणि अत्यंत गंभीर नुकसान होईल ती तिसरी, म्हणजे सर्वांत वरची. हा परवाना कोणालाही आपणहून अर्ज करून मिळत नाही. सरकारी खात्याने, किंवा सरकारचे काम घेतलेल्या कंपनीने, 'ह्या माणसाला ह्या कामासाठी परवाना हवा' असे कळवावे लागते. मगच चौकशी सुरू होते. आणि पुष्कळ नोकऱ्या अशा असतात की परवाना नाही म्हणजे नोकरीच नाही.

ह्या चौकशीचा एक लांबलचक फॉर्म आहे. ८६ क्रमांकाचा फॉर्म म्हणूनच तो ओळखला जातो. कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, नातेवाईक कुठे आहेत, परदेशी कधी गेलात, असे प्रश्न त्यात आहेतच. पण एक अख्खा भाग पैशाचा आहे. गेल्या सात वर्षांत तुम्ही नादारी जाहीर केली का? कर भरावयाचा राहिला का, किंवा कराचे विवरणपत्रच भरावयाचे राहिले का? जुगारापायी पैशाच्या अडचणीत आलात का? कोणत्याही कर्जाचा हप्ता १२० दिवसांहून अधिक थकला का? घेतलेली वस्तू सावकाराने ओढून नेली का? पगारावर जप्ती आली का? ह्या प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावी लागतात. आणि केवळ लिहून दिले म्हणजे झाले असे नाही. आपल्याकडे बँका जसा 'सिबिल'चा अहवाल मागवतात तसा त्या माणसाच्या पतीचा अहवाल सरकार स्वतः मागवते आणि लिहिलेले व असलेले जुळवून पाहते.

बरे, पण एवढा खटाटोप कशासाठी? एखाद्या माणसाने घरासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले, तर त्याचा देशाच्या गुपिताशी काय संबंध?

ह्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण गरजेचे. गळ्यापर्यंत देण्यात बुडालेल्या माणसाजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरली असेल, आणि ती सरकारी गुपिताची असेल, तर मोह होण्याचा धोका असतो. दुसरे कारण स्वभावाचे. जो आपला शब्द पाळत नाही, वायदे मोडतो, आलेली नोटीस न वाचता फळीवर टाकतो, तो सरकारी कागदही तसाच कुठेतरी टाकून देणार नाही कशावरून? पहिले कारण दानतीची परीक्षा घेते, दुसरे कारण शिस्तीची. दोन्ही निराळी आहेत, हे लक्षात ठेवा.

पहिल्या कारणाला इतिहासाचा आधार आहे. तीन उदाहरणे सांगतो. तिन्ही तिथल्या न्यायालयांतून सिद्ध झालेली आहेत.

जॉन वॉकर हा अमेरिकेच्या नौदलातला माणूस. सांकेतिक संदेशांची यंत्रे आणि त्यांच्या किल्ल्या त्याच्या हाताखाली असत. त्याने जोडधंदा म्हणून एक मद्यालय काढले आणि ते तोट्यात गेले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत जाऊन उभा राहिला आणि त्याने नौदलाच्या किल्ल्या विकावयास काढल्या. पुढे सतराअठरा वर्षे हा व्यवहार चालला. त्यात त्याने आपला भाऊ ओढला, मित्र ओढला आणि शेवटी नौदलात नोकरीला लागलेला पोटचा मुलगाही ओढला. १९८५ मध्ये सारे पकडले गेले. म्हणजे तोट्यातल्या एका दुकानाचे देणे घरातल्या पुढल्या पिढीने तुरुंगात फेडले.

दुसरा रोनाल्ड पेल्टन. हा परदेशी संदेश ऐकणाऱ्या गुप्त खात्यात काम करीत असे. १९७९ मध्ये त्याने नादारी जाहीर केली, त्याच वर्षी नोकरी सोडली आणि १९८० च्या जानेवारीत सोव्हिएत वकिलातीची वाट धरली. त्याने एकही कागद चोरून नेला नाही. डोक्यात होते तेच विकले. समुद्राच्या तळाशी सोव्हिएत तारांवर अमेरिकेने मोठ्या कष्टाने लावलेले ऐकण्याचे यंत्र त्यामुळे उघडकीस आले. ह्या साऱ्याचे त्याला मिळाले सुमारे ३५,००० डॉलर. १९८६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

तिसरा आल्ड्रिच एम्स. हा खुद्द हेर खात्यातलाच अधिकारी. घटस्फोटाचा खर्च, नवा संसार, ऐपतीबाहेरचे राहणीमान आणि डोक्यावर वाढत चाललेले देणे, अशा अवस्थेत १९८५ च्या एप्रिलमध्ये त्याने सोव्हिएत बाजूला पहिली माहिती विकली. एकदा देणे भागवावे आणि थांबावे असा त्याचा विचार होता म्हणतात. पण अशा वाटेवर थांबा नसतो. सोव्हिएत देशात अमेरिकेसाठी काम करणाऱ्या अनेकांची नावे त्याने दिली आणि त्यांतील कित्येकांना देहदंड झाला. १९९४ च्या फेब्रुवारीत तो पकडला गेला. आता गंमत पाहा. खोटे बोलणे ओळखण्याच्या यंत्रावर त्याची १९८६ आणि १९९१ मध्ये परीक्षा झाली होती आणि दोन्ही वेळा तो त्यातून सुटला होता. जे यंत्राला दिसले नाही ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत होते. वर्षाला ७०,००० डॉलरच्या आत पगार असलेल्या ह्या नोकराने ५,४०,००० डॉलरचे घर रोख पैसे मोजून घेतले होते आणि महागडी जग्वार मोटार दारात उभी केली होती. म्हणून आज तिथे जशी कर्जाची चौकशी होते, तशीच अचानक आलेल्या श्रीमंतीचीही होते. पैसा गेला कुठे, हे जसे विचारतात, तसा पैसा आला कुठून, हेही विचारतात.

परंतु इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. कर्जदार माणूस फितूर होतोच, असा अर्थ ह्या तीन गोष्टींतून कोणी काढू नये. अमेरिकेत घराचे, मोटारीचे, शिक्षणाचे कर्ज नसलेले कुटुंब शोधावे लागेल, आणि त्यांतली लक्षावधी माणसे इमानाने नोकरी करतात. उलट आना मोंतेस नावाची एक सरकारी अधिकारी बाई २००१ मध्ये पकडली गेली. तिने वर्षानुवर्षे क्यूबाला गुपिते पुरवली, आणि ती पैशासाठी नव्हे, तर आपल्या मतांपायी. तेव्हा कर्ज हे रोगाचे एक लक्षण असू शकते; ते रोग नव्हे. अंग गरम लागले तर वैद्य नाडी पाहतो, लगेच माणसाला गावाबाहेर काढीत नाही.

तिथल्या नियमांची रचनाही अशीच आहे. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हुकूम काढून सरकारी नोकर भरवशाचा आणि चांगल्या वर्तनाचा असला पाहिजे, असे ठरवले. एम्सच्या प्रकरणानंतर, १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने पैशाच्या व्यवहारांची तपासणी अधिक कडक झाली. आज जी कसोटी वापरतात ती २०१७ च्या जून महिन्यापासून लागू आहे. तिच्यात एकूण १३ मुद्दे आहेत; देशनिष्ठा, परकीय संबंध, मद्यपान, वर्तन इत्यादी. त्यांतील सहावा मुद्दा पैशाचा.

ह्या नियमात 'इतके डॉलर कर्ज असेल तर परवाना नाही' असा आकडा कुठेही लिहिलेला नाही, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नादारी घेतली म्हणून परवाना आपोआप जातो, असेही नाही. पाहतात ते हे, की देणे झाले कशाने, आणि झाल्यावर माणूस वागला कसा.

समजा, दोन माणसे आहेत. दोघांच्याही नावावर २०,००० डॉलरची थकबाकी आहे. पहिल्याची बायको आजारी पडली, दवाखान्याचे बिल झाले, त्यातच नोकरी गेली. त्याने दवाखान्याला पत्र लिहिले, सावकारांना भेटला, 'महिन्याला एवढेच जमेल' असे कबूल केले, आणि थोडे थोडे का होईना, वर्षभर नियमाने भरत आला. प्रत्येक पावती त्याने जपून ठेवली आहे. दुसऱ्याचा पगार चांगला आहे. पण मौजमजा, पत्ते, नवी मोटार ह्यांत पैसा गेला. तगाद्याची पत्रे न फोडता पडली आहेत. तीन वर्षे कराचे विवरणपत्र भरलेले नाही. आणि परवान्याची चौकशी सुरू झाली असे कळल्यावर मात्र तो धावतपळत एक हप्ता भरून आला आहे. आकडा दोघांचा एकच. पण पहिल्याला परवाना मिळण्याची पुष्कळ आशा आहे, आणि दुसऱ्याची मोठी अडचण आहे. कारण तिथला अधिकारी खतावणीतली बेरीज पाहत नाही. ती बेरीज मागे ठेवून गेलेल्या माणसाची पावले पाहतो.

बाजूने धरण्याच्या गोष्टीही नियमातच लिहून ठेवल्या आहेत. नोकरी जाणे, धंद्यात मंदी येणे, अचानक आजार, घरातील मृत्यू, घटस्फोट, सावकाराने केलेली उघड लुबाडणूक, आपल्या नावावर दुसऱ्यानेच केलेली फसवणूक, ही कारणे आपल्या हातची नव्हेत, असे नियम मानतो. मात्र त्याला जोडून तो पुढे विचारतो, 'असे झाल्यावर तू जबाबदारीने वागलास का?' धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या एखाद्या मान्यवर संस्थेकडून कर्जफेडीचा सल्ला घेतला असेल, तर ते जमेस धरतात. देणे मुळात मान्यच नसेल आणि तसे सांगण्यास सबळ कागद असतील, तर तेही पाहतात. सगळे कर्ज एका दमात फेडलेच पाहिजे अशी अटच नाही. योजना असली पाहिजे, आणि त्या योजनेप्रमाणे पाऊल पडत असल्याचे दिसले पाहिजे.

आणि आता ह्या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कर्जापेक्षा लपवलेले कर्ज अधिक घातक ठरते. फॉर्मवर 'नाही' असे लिहिले आणि अहवालात 'आहे' असे निघाले, की प्रश्न पैशाचा राहतच नाही. तो खरेपणाचा होतो, आणि त्यासाठी १३ मुद्द्यांत वेगळाच मुद्दा आहे. एवढेच नव्हे, तर सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ह्याच्या मागचा विचार साधा आहे. जो माणूस आपले कर्ज लपवू पाहतो, त्याला ते कर्ज ठाऊक असलेला दुसरा कोणीही धमकावू शकतो. 'तुझ्या साहेबाला सांगू का?' एवढे एक वाक्य त्याला वाकवायला पुरते. जे आपण स्वतःच सांगून टाकले, त्याची भीती कोणी घालू शकत नाही.

ही चौकशी एकदा होऊन संपत नाही. पूर्वी सर्वांत वरच्या परवान्याची पाच वर्षांनी आणि त्याखालच्याची दहा वर्षांनी फेरतपासणी होत असे. आता यंत्राच्या साहाय्याने ती सतत चालू असते; २०२१ च्या अखेरपर्यंत संरक्षण खात्याने आपली सारी परवानाधारक मंडळी ह्या सततच्या तपासणीखाली आणली. हप्ता चार महिन्यांहून अधिक थकला तर आपण होऊन कळवावे, असाही नियम आहे.

इथे एखाद्या विचारी श्रोत्याच्या मनात शंका येईल की, मग सरकारने एखाद्याला उगीचच नाकारले तर? गरीब माणसाने जावे कुठे? ही शंका रास्त आहे, आणि तिलाही इतिहास आहे. विल्यम ग्रीन नावाचा एक विमानविद्येचा इंजिनियर होता. १९५३ मध्ये त्याचा परवाना काढून घेण्यात आला. कारण कर्जाचे नव्हते. त्याच्या ओळखीपाळखींवर संशय होता. पण त्याच्याविरुद्ध कोणी काय सांगितले हे त्याला कळू दिले नाही, आणि सांगणाऱ्याला समोर आणलेही नाही. वर्षाला १८,००० डॉलर मिळवणारा हा माणूस ४,४०० डॉलरवर नकाशे काढण्याची नोकरी करू लागला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ज्याने माणसाची भाकरी जाते त्या आरोपाला उत्तर देण्याची संधी अशी गुपचूप काढून घेण्याचा अधिकार ह्या खात्याला कोणी दिलेला नाही. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, अध्यक्षांनी नवा हुकूम काढला. तेव्हापासून अशा कंपन्यांतील नोकराला, त्याला परवाना का नाकारत आहोत, ह्याची कारणे लेखी द्यावी लागतात. त्याला उत्तर देता येते, न्यायाधिकाऱ्यापुढे उभे राहता येते, आपल्या पावत्या दाखवता येतात आणि वर अपीलही करता येते. मात्र हेही खरे की, परवाना मिळणे हा कोणाचा हक्क नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. अखेरपर्यंत शंका उरलीच, तर निकाल देशाच्या बाजूने लागतो, माणसाच्या नव्हे.

सरकारने दुसऱ्या बाजूनेही विचार केला. लष्करी छावण्यांच्या दाराशी झटपट कर्ज देणाऱ्यांची दुकाने फोफावली होती. पुढच्या पगारावर आज पैसे देणारी ही दुकाने. त्यांचे व्याज वर्षाच्या हिशेबाने दरशेकडा ३०० च्याही वर जाई. कोवळी पोरे पहिला पगार हाती येण्याआधीच त्यात अडकत, देणे थकले की परवाना धोक्यात येई, आणि परवाना गेला की कामावरून हटवावे लागे. म्हणजे सावकाराच्या एका चिठ्ठीपायी शिकवून तयार केलेला जवान सैन्याच्या हातून जात असे. म्हणून २००६ मध्ये कायदा झाला आणि सैनिकांना व त्यांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांवर सारा खर्च धरून वर्षाला दरशेकडा ३६ हून अधिक आकार घेण्यास बंदी झाली. कर्जदाराला नुसते दोष देऊन भागत नाही, कर्ज देणाऱ्यालाही आवर घालावा लागतो, ही गोष्ट त्या देशाने ओळखली. ज्या महाराष्ट्रात १८७५ मध्ये सुपे गावापासून सावकारांच्या वह्या जाळण्याचे दंगे सुरू झाले, त्या महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको.

आता आपल्या माणसांकडे येऊ. हा परवाना सामान्यतः अमेरिकेच्या नागरिकालाच मिळतो. केवळ तिथे राहण्याचा कायमचा दाखला असून चालत नाही. तेव्हा तुमच्या घरातला कोणी तिकडचा नागरिक झाला असेल आणि अशा कामावर जाऊ पाहत असेल, तर दोन गोष्टी गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव असेल, इथल्या बँकेत त्याची ठेव असेल, तर ती त्याला फॉर्ममध्ये दाखवावी लागते. त्याच्या नावाने इथे काय काय आहे हे त्याला धड माहीतच नसते. ते त्याला कळवणे आपले काम आहे. दुसरी गोष्ट जामीनकीची. आपल्याकडे भावाच्या, मेहुण्याच्या, मित्राच्या कर्जाला जामीन राहणे म्हणजे एक सही, एवढेच समजतात. तो फॉर्म मात्र स्पष्ट विचारतो की, तुम्ही जामीन असलेले कर्ज थकले आहे का? दुसऱ्याने न भरलेला हप्ता जामीनदाराच्या कपाळी असा लागतो. तेव्हा 'तू परदेशात आहेस, तुझी सही चालेल' असा आग्रह धरताना जरा विचार करावा.

आणि इथे, आपल्या देशात? केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांतला १७ वा नियम म्हणतो की, सरकारी नोकराने आपले खाजगी व्यवहार असे चालवावेत, की नेहमीचा कर्जबाजारीपणा किंवा नादारी त्याच्या वाट्याला येऊ नये. आणि कर्जवसुलीसाठी किंवा नादारीसाठी त्याच्यावर दावा झाला तर त्याने सारी हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. त्याच नियमाखाली अशीही टीप आहे की, हे देणे साधी काळजी घेऊनही आधी दिसले नसते किंवा आपल्या आवाक्याबाहेरचे होते, उधळपट्टीतून आलेले नव्हते, हे दाखवण्याची जबाबदारी त्या नोकराचीच आहे. महाराष्ट्र राज्याच्या १९७९ च्या नियमांतही ह्याच अर्थाचा नियम आहे. पाहा, समुद्रापलीकडचे सरकार आणि आपले सरकार, दोघेही शेवटी त्याच दोन प्रश्नांवर येऊन थांबतात. देणे कशाने झाले? आणि झाल्यावर सांगितलेस का? बँकांनीही हीच वाट धरली आहे; स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत, कर्ज किंवा कार्डाचे देणे थकवल्याची नोंद असलेल्या उमेदवारास अपात्र ठरवण्याची अट छापलेली आढळते. वर्षभर रात्रंदिवस अभ्यास करून परीक्षेत पास झालेला मुलगा मोबाइलवर सहज घेतलेल्या आणि विसरलेल्या चारदोन हजारांच्या कर्जाने अडकू शकतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपण मुलांना सरळव्याज, चक्रवाढव्याज शिकवतो. मुद्दल, दर, मुदत ही तीन पदे फळ्यावर मांडतो आणि उत्तर काढून मोकळे होतो. त्याच गणिताच्या शेवटी एक प्रश्न वाढवावा: 'हा हप्ता ह्या माणसाला झेपेल का, आणि नाही झेपला तर त्याने पहिल्या दिवशी काय करावे?' हा प्रश्न कोणत्याही पुस्तकात नसला, तरी आयुष्याच्या परीक्षेत तो हमखास येतो. वरच्या वर्गातल्या मुलांना पावती जपून ठेवावयास शिकवावे, सही करण्यापूर्वी कागद पुरता वाचावयास शिकवावे, आणि नोटीस आली तर ती त्याच दिवशी उघडावयास शिकवावे. ह्याला शाळेला नवी इमारत लागत नाही.

आणि घरातल्या मंडळींना सांगणे आहे ते असे. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. पण कधी कधी अंथरूणच आखूड पडते. पाऊस दगा देतो, दुखणे येते, लेकीचे लग्न उभे राहते. कर्ज होते. त्यात पाप नाही. ज्या दिवशी हप्ता जमणार नाही असे दिसेल त्याच दिवशी, शक्य तर मुदतीच्या आधीच, पतपेढीत किंवा बँकेत जाऊन तसे सांगावे, आणि जमेल तेवढ्या रकमेचे लेखी ठरवून यावे. घरात बायकोला, मोठ्या मुलाला देण्याचा आकडा माहीत असू द्यावा. अनेक घरांत असे होते की, देणे किती आहे हे फक्त कर्त्या पुरुषाला आणि सावकारालाच ठाऊक असते. मनातल्या मनात वाहिलेले ओझे दुप्पट होते. त्या ओझ्याने वाकलेला माणूस मग कधी नवे कर्ज काढून जुने फेडू पाहतो, कधी हाताखालच्या सरकारी पैशाला हात लावतो, आणि कधी जिवाचेही बरेवाईट करून घेतो. ह्यांतले काहीही व्हायच्या आधी एक वाक्य पुरे असते: "माझ्याकडून ह्या वेळी जमत नाही, काय करता येईल?" हे वाक्य उच्चारायला जीभ जड होते हे खरे. परंतु आपण पाहिलेच, की जगातले अत्यंत संशयी सरकारसुद्धा असे वाक्य बोलणाऱ्याला ऐकून घेते. तोंड लपवणाऱ्याला मात्र ऐकून घेत नाही.

माणसाची पत ही तिजोरीतल्या पैशावर असते तशी त्याच्या शब्दावरही असते. पैसा कमीजास्त होईल. शब्द सांभाळला, तर त्या पतीवर गाव उभे राहते, नोकरी उभी राहते, आणि वेळ आली तर देशही आपली किल्ली विश्वासाने हाती देतो.